मधुमेहातील न भरणारी जखम आणि औषधी वनस्पती: उपयोग कुठे आणि कुठपर्यंत

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम महिना उलटूनही भरत नसली, की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हळद, कोरफड, कडुलिंबाचा पाला किंवा एखादे आयुर्वेदिक तेल यांचे नाव निघतेच. या सल्ल्याला निव्वळ भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. या वनस्पतींचा जखमांवरचा वापर फार जुना आहे, त्यांतील काहींच्या रसायनांचा प्रयोगशाळांमध्ये कसून अभ्यास झालेला आहे, आणि आपल्याकडे कुंडीत सहज वाढणाऱ्या एका वनस्पतीचा अर्क घालून केलेले मलम तर मधुमेहींच्या पायांच्या जखमांवरील मोठ्या चाचणीत उपयुक्तही ठरले आहे. परंतु विळीवर कापलेले बोट आणि मधुमेहीच्या तळपायाला पडलेली जखम या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. पहिली जखम पाला लावला तरी भरते आणि न लावला तरी भरते. दुसरी भरत नाही, कारण जखम भरून आणणारी शरीराची व्यवस्थाच एकाच वेळी अनेक ठिकाणी बिघडलेली असते. वनस्पती यांतील कोणत्या बिघाडावर काम करू शकतात आणि कोणत्या बिघाडापर्यंत त्या पोहोचूच शकत नाहीत, हा या लेखाचा विषय आहे.

विषय थोड्या लोकांचा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत वरचे प्रमाण गोव्याचे, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के इतके आढळले. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. पाय किंवा पायाचा भाग कापावा लागलेल्या मधुमेहींपैकी बहुतेकांची सुरुवात अशाच एका लहान, दुर्लक्षित जखमेने झालेली असते.

जखम का अडून राहते

निरोगी शरीरात जखम झाल्यावर प्रथम रक्त गोठते. त्यानंतर काही दिवस सूज आणि लाली राहते, कारण पांढऱ्या पेशी तेथे जमून जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करत असतात. साफसफाई आटोपली की नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, जखमेच्या तळाशी लालसर दाणेदार मांस येते आणि कडेची त्वचा त्यावर सरकत जाते. शेवटी कित्येक महिने या नव्या ऊतीची डागडुजी चालू राहते. मधुमेहात ही साखळी बहुधा दुसऱ्याच टप्प्यावर अडकते. साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींनी वेळेवर आपले काम बदलून बांधणीला मदत करायची असते. रक्तातील साखर दीर्घकाळ चढलेली असेल तर त्या लढण्याच्याच अवस्थेत राहतात, आणि प्रथिने तोडणारी विकरे इतकी पाझरत राहतात की नव्याने विणलेले कोलॅजेनही तुटत जाते. जखम ओली राहते, कडा जाड होतात, आणि आठवडे निघून जातात.

एवढाच बिघाड असता तर योग्य मलम शोधणे हाच उपाय ठरला असता. पण त्याच्या आधी नसांचा प्रश्न येतो. पायांच्या नसा बधिर झालेल्या माणसाला चपलेत शिरलेला खडा, नव्या बुटाचा चावा किंवा देवळाच्या आवारातील तापलेली फरशी जाणवत नाही. दुखत नसल्यामुळे तो जखमेवरच चालत राहतो, आणि प्रत्येक पावलागणिक नवे मांस चिरडले जाते. घाम आणणाऱ्या नसाही निकामी झाल्यामुळे त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात, आणि दाबाच्या जागी घट्टे येऊन त्यांच्याखालीच जखम तयार होते.

या गोष्टीचा शोध लागण्यात भारताचा मोठा वाटा आहे. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोग्यांचे मांसच नासके असल्यामुळे त्यांच्या जखमा भरत नाहीत, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांसात भरून येण्याची ताकद आहे. वेदना नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा दुखावले जाते. जखमी पाय प्लास्टरमध्ये बसवून त्यावरचा दाब काढून घेतला की जखमा भरू लागत. पुढे ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथे गेले, आणि प्लास्टरची ही पद्धत तेथून मधुमेहींच्या पायांसाठी रुळली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण नीट आखलेल्या चाचणीत असे प्लास्टर घातलेल्या २१ रुग्णांपैकी १९ जणांच्या तळपायाच्या जखमा भरल्या; नेहमीचे ड्रेसिंग आणि चालण्यावर बंधन एवढाच उपचार मिळालेल्या १९ जणांपैकी फक्त ६ जणांच्या भरल्या. प्लास्टरमध्ये कोणतेही औषध नसते. कोणत्याही लेपाविषयी काही ऐकले की हे दोन आकडे आठवावेत, असे मला मनापासून वाटते, कारण दाब काढणे या एका गोष्टीने जो फरक पडतो त्याच्या जवळपास पोहोचणारे लेप फारच थोडे आहेत.

तिसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा. मधुमेहात गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. जखमेला प्राणवायू, पोषण आणि पांढऱ्या पेशी ज्या वाटेने मिळायच्या ती वाटच बंद असेल, तर वरून काहीही लावले तरी आतून बांधणीसाठी सामान येत नाही. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून याचा अंदाज घेतात. मात्र मधुमेहींच्या रक्तवाहिन्या कॅल्शियम साचून कडक झालेल्या असल्यास हा आकडा फसवा चांगला दिसतो, म्हणून पायाच्या बोटातील दाब किंवा डॉपलर तपासणीचीही गरज पडते.

चौथा प्रश्न जंतूंचा आहे. साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि जुन्या जखमेत जंतू स्वतःभोवती चिकट थर विणून त्याखाली सुरक्षित बसतात. हा थर धुऊन सहज जात नाही. बहुतेक वेळा तो मृत मांसासकट खरवडून किंवा कापून काढावा लागतो. संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर वरून जखम बरी दिसू लागली तरी आत ती चालूच राहते.

आता यांतून वनस्पतींच्या वाट्याला काय येते ते पाहू. सूज दीर्घकाळ रेंगाळणे, प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा अतिरेक, कोलॅजेन कमी तयार होणे, नव्या रक्तवाहिन्या न फुटणे आणि काही प्रमाणात वरवरचे जंतू, एवढ्यांवर वनस्पतीतील रसायने काम करू शकतात. पायावरचा दाब, बंद झालेली रक्तवाहिनी, बधिर नस आणि हाडातला संसर्ग यांवर ती काहीही करू शकत नाहीत.

सुश्रुतसंहितेत जे सांगितले आहे

आधुनिक वैद्यकाने परंपरेवर लादलेला हा भेद आहे असे कोणाला वाटेल, पण सुश्रुतसंहिता उघडली तर वेगळेच दिसते. तिच्या सूत्रस्थानात, कुष्ठ, विषबाधा, शोष आणि मधुमेह असलेल्यांच्या जखमा कष्टाने बऱ्या होतात असे स्पष्ट म्हटले आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणावरील ६० उपक्रम मोजले आहेत, आणि त्यांत लेपाबरोबरच छेदन (कापून काढणे), भेदन (चिरणे), लेखन (खरवडणे), रक्त काढणे, धुणे, बांधणे आणि आहार यांचाही समावेश आहे. शोधन आधी आणि रोपण नंतर, म्हणजे जखम शुद्ध झाल्याशिवाय ती भरून आणणारे औषध लावायचे नाही, हा त्या सगळ्या विचाराचा कणा आहे. आज घरोघरी चालणाऱ्या उपायांत या साठांपैकी एखादाच उरला आहे: न धुतलेल्या, न कापलेल्या, दाबाखाली असलेल्या जखमेवर लेप थापणे. याला आयुर्वेद म्हणणे आयुर्वेदावर अन्याय करणारे आहे.

हळद

हळदीतील करक्यूमिन हे पिवळे द्रव्य पेशींच्या प्रयोगांत सूज वाढवणाऱ्या संदेशांना आवर घालते, आणि मधुमेह केलेल्या उंदरांच्या जखमा त्याने लवकर भरल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. अडचण अशी, की हळदीच्या पुडीत करक्यूमिन साधारण २ ते ५ टक्केच असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि शरीरातील द्रवांत त्याचे लवकर विघटन होते. म्हणूनच संशोधक ते अतिसूक्ष्म कणांत किंवा जेलमध्ये बसवून जखमेत टिकवण्याचा प्रयत्न करतात. त्या प्रयोगांचे निष्कर्ष डब्यातल्या हळदीला लागू होत नाहीत.

हळदीच्या बाजूने नेहमी पेटंटची हकीकत सांगितली जाते. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. गोव्याच्या माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, आणि परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुराव्यादाखल सादर करून १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतले. या लढ्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे, आणि त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला. परंतु त्या खटल्यात सिद्ध काय झाले, हे नीट पाहावे. हळदीचा हा वापर नवा नाही, भारतात पूर्वीपासून आहे, एवढेच तेथे सिद्ध झाले. हळदीने मधुमेहाची जखम भरते का, हा प्रश्न पेटंट कार्यालयासमोर नव्हता आणि त्याचे उत्तरही तेथे मिळाले नाही.

व्यवहारातले दोन धोके मात्र ठाऊक असावेत. बाजारातील किंवा घरी दळलेली हळद निर्जंतुक नसते. मातीतून आलेल्या जंतूंची बीजे तिच्यात असू शकतात, आणि ती थेट उघड्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या मांसात जातात. दुसरे म्हणजे हळदीचा रंग. जखमेचा तळ लाल आहे, पिवळा आहे की काळा, कडेला लाली पसरते आहे का, हे पाहूनच तपासणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. हळद भरलेल्या जखमेत ही सगळी खूण झाकली जाते, आणि वाळलेला थर काढताना नवे मांसही निघते.

कोरफड

कोरफडीच्या गरातील ॲसिमॅनन ही बहुशर्करा मॅक्रोफेज पेशींना चेतवते, आणि गरामुळे जखमेला ओलावा मिळतो, हे खरे आहे. कोरफडीवर माणसांत चाचण्याही झाल्या आहेत, आणि म्हणूनच तिच्याविषयी जास्त सावधपणे बोलता येते. कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली ताज्या आणि जुन्या जखमांवरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा कोरफडीचा उपयोग होतो असे ठामपणे सांगण्याइतका चांगल्या दर्जाचा पुरावा सापडला नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर उलटे दिसले होते: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके उसवून उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरल्या, आणि कोरफडीचे जेल लावलेल्या गटात सरासरी ८३ दिवस लागले. अभ्यास लहान होता, जखमाही मधुमेहाच्या नव्हत्या, त्यामुळे कोरफड घातक आहे असा निष्कर्ष त्यातून काढू नये. पण ‘झाडाचे आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ हे वाक्य किती अपुऱ्या विचाराचे आहे, ते यावरून कळते.

कारिवणा आणि पानओवा

आता जेथे पुरावा खरोखर सबळ आहे तेथे येऊ, आणि या भागासाठी थोडी अधिक जागा देणे आवश्यक आहे. कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी, ही ओल्या जागी जमिनीवर पसरणारी, वाटोळ्या पानांची वनस्पती. हिलाच अनेकजण ब्राह्मी म्हणतात, जरी ब्राह्मी नावाने ओळखली जाणारी दुसरीही एक वनस्पती आहे. कारिवण्यातील एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड ही द्रव्ये कोलॅजेनची निर्मिती वाढवतात, असे पेशींच्या आणि प्राण्यांच्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे. पानओवा, म्हणजे जाड, लवदार, ओव्यासारख्या वासाची पाने असलेले झाड, हे तर भजी करण्यासाठी आणि लहान मुलांच्या खोकल्यासाठी अनेकांच्या गॅलरीत असते.

तैवानमधील एका औषध कंपनीने या दोन वनस्पतींपासून काढलेले अर्क ठरावीक प्रमाणात घेऊन एक मलम तयार केले. अडकून राहिलेल्या मॅक्रोफेज पेशींना बांधणीच्या कामाकडे वळवणे हा त्यामागचा विचार होता, म्हणजे बिघाडाच्या साखळीतील नेमकी एक कडी त्यांनी निवडली. या मलमाची चाचणी अमेरिका, चीन आणि तैवानमधील २१ केंद्रांवर २३६ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. १६ आठवड्यांच्या उपचारानंतर मलम लावलेल्या गटात ६०.७ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, तर स्राव शोषून घेणारे ड्रेसिंग वापरलेल्या गटात ३५.१ टक्के रुग्णांच्या. त्याच वर्षी तैवानमध्ये या मलमाला औषध म्हणून मान्यता मिळाली.

हे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याच्या मर्यादाही त्याच चाचणीत लिहिलेल्या आहेत. जखमा १ ते २५ चौरस सेंटीमीटरच्या होत्या. मलम आणि ड्रेसिंग दिसायलाच वेगळे असल्यामुळे आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते, जरी मोजमाप करणाऱ्यांना ते कळू दिले नव्हते. आणि चाचणीचा खर्च मलम बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. त्या मलमात पाने वाटून घातलेली नाहीत. कोणता अंश काढायचा, तो किती घ्यायचा, प्रत्येक खेपेस तेवढाच आहे ना हे कसे तपासायचे आणि ते मलम जंतूंपासून सुरक्षित कसे ठेवायचे, या कामात वर्षे गेली आहेत. गॅलरीतल्या पानओव्याचा चोथा जखमेवर बांधून त्या चाचणीचे आकडे आपल्याला लागू होतील असे मानणे चुकीचे आहे. त्या चोथ्यात उपयोगी द्रव्य किती आहे ते कोणी मोजलेले नसते, आणि सोबत माती, कीड आणि जंतू किती आले, तेही नाही.

उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा होईल का

वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे म्हणून ज्या वनस्पतींची नावे येतात, त्यांतील बहुतेकांचा पुरावा उंदरांवर संपतो. आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवणारी आणि खुरपे लागले की चुरगाळून लावली जाणारी एकदांडी, जिला दगडी पाला असेही म्हणतात, तिच्याबाबतीतही असेच आहे. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो आणि त्याची जखम मुख्यतः आक्रसून बंद होते. माणसाची पायाची जखम तळापासून मांस भरून आणि वर त्वचा सरकून बंद व्हावी लागते. उंदराला रसायन टोचून काही दिवसांत मधुमेह करतात, त्याच्या पाठीवर निर्जंतुक हत्याराने स्वच्छ, गोल जखम करतात. त्याला २० वर्षांचा मधुमेह नसतो, त्याच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या नसतात, आणि तो त्या जखमेवर शरीराचे सगळे वजन टाकून चालत नाही. असे प्रयोग निरर्थक नाहीत. कोणत्या वनस्पतीचा पुढे अभ्यास करावा, हे त्यांतून कळते. उपचार ठरवण्यासाठी मात्र ते पुरेसे नाहीत.

‘आमच्या शेजाऱ्यांना याच तेलाने गुण आला’ हा अनुभवही असाच तपासून घ्यावा लागतो. वर सांगितलेल्या तैवानी मलमाच्या चाचणीत मलम न मिळालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या जखमा भरल्याच होत्या. १९९९ साली अनेक चाचण्यांतील केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्या रुग्णांची एकत्रित माहिती तपासली गेली, तेव्हा बधिर पायांच्या जखमांपैकी सुमारे २४ टक्के १२ आठवड्यांत आणि सुमारे ३१ टक्के २० आठवड्यांत भरल्याचे आढळले. म्हणजे दहा माणसांनी कोणतेही एक तेल लावले तरी दोघा-तिघांना गुण येणारच, आणि तेच दोघे-तिघे आपला अनुभव सांगत राहतात. उरलेले सात-आठ जण कोणाला काही सांगायला जात नाहीत, आणि त्यांच्यापैकी एखाद्याचा अंगठा गेलेला असला तरी त्याचा दोष तेलाला कोणी देत नाही.

मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, जखम भरावी एवढ्याच हेतूने वनस्पतीजन्य द्रव्ये असलेली ड्रेसिंग वापरू नयेत असे सुचवले आहे. हा वनस्पतींवरचा राग नाही. त्याच सूचनांत मध, कोलॅजेनची ड्रेसिंग आणि जंतुनाशक घातलेली ड्रेसिंग यांनाही त्याच कारणासाठी नकार दिला आहे, आणि यांतील काही तर आपल्याकडे बरीच महाग विकली जातात. कसोटी सर्वांना एकच लावली आहे.

जे लावूच नये

लेपांच्या उपयोगाविषयी मतभेद असू शकतात. पुढील गोष्टींविषयी नसावेत. काटा मोडला, भेग पडली किंवा कुरूप झाले की बिब्ब्याचा चटका देण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. बिब्ब्याचे तेल त्वचा जाळते; वेदना जाणवणारा माणूस वेळीच हात मागे घेतो, बधिर पायाचा मधुमेही घेत नाही, आणि लहान भेगेच्या जागी खोल भाजलेली जखम तयार होते. कुरपावर रुईचा चीक लावणे आणि जखमेत चुना किंवा तंबाखू भरणे यांनीही हेच होते. विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बधिर पायाला कधीच देऊ नये.

पपईच्या चिकाचे उदाहरण वेगळे आणि बोधक आहे. त्यातील पपेन हे विकर मृत मांस खरोखर विरघळवते, आणि त्यापासून बनवलेली मलमे अनेक वर्षे रुग्णालयांत वापरली गेली. परंतु गंभीर ॲलर्जीच्या, अगदी जिवावर बेतणाऱ्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली मान्यता नसलेली अशी मलमे बाजारातून काढायला लावली. ज्या पदार्थात गुण आणण्याइतकी ताकद असते, त्यात अपाय करण्याचीही असते. म्हणूनच मात्रा आणि शुद्धता यांना एवढे महत्त्व आहे. जात्यादी तेलासारख्या शास्त्रोक्त औषधांबाबतही हे ध्यानात ठेवावे. त्याला लोक वनस्पतीचे तेल समजतात, पण त्याच्या पाठात तुत्थ, म्हणजे मोरचूद, हे तांब्याचे संयुगही असते. ते वापरायचे असेल तर जखम पाहिलेल्या वैद्यांनीच सांगावे आणि त्याच काळात उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांनाही ते माहीत असावे.

जखम लवकर भरावी म्हणून पोटात घेतल्या जाणाऱ्या काढ्यांविषयी थोडक्यात. कारले, मेथी, गुडमार यांनी साखर काहीशी उतरते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ती धोकादायक इतकी उतरू शकते. गुळवेलीचा संबंध यकृताच्या विकाराशी असल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली काही रुग्णांच्या आधारे मांडले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कसाही मिटो, कोणता काढा चालू आहे हे डॉक्टरांपासून लपवून ठेवणे रुग्णाच्या हिताचे नाही. आणि बिनधास्त सांगायचे, तर विचारल्यावर रागावणारे डॉक्टरही रुग्णाला लपवायला भाग पाडतात. रुग्णाने मोकळेपणाने सांगावे असे वाटत असेल, तर डॉक्टरांनी न रागावता ऐकून घेतले पाहिजे.

मग वनस्पती कोठे बसवायची

एखाद्याला वनस्पतीजन्य औषध वापरायचेच असेल, तर ते मुख्य उपचारांच्या जागी नसावे, त्यांच्या जोडीला असावे, आणि ते मान्यताप्राप्त, निर्जंतुक व ठरावीक मात्रेचे असावे. त्याआधी चार गोष्टी झालेल्या असल्या पाहिजेत. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने पायाची संवेदना तपासली गेली आहे का? पायाचा रक्तपुरवठा मोजला आहे का? मृत मांस आणि घट्टा कापून काढला आहे का? आणि जखमेवरचा दाब काढण्यासाठी प्लास्टर, बूट किंवा निदान योग्य पादत्राण दिले आहे का? या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही असे असेल, तर पैसे आणि वेळ प्रथम तेथे खर्च व्हावा. रक्तातील साखर आटोक्यात आणणे अर्थातच या सगळ्यांच्या बरोबरीने चालू राहते.

उपचार कोणताही असो, जखमेची लांबी-रुंदी आठवड्यातून एकदा मोजून तारखेसह वहीत लिहावी, शक्य असल्यास शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. हे काम घरातले कोणीही करू शकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पहिल्या ४ आठवड्यांत ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याहून थोडे अधिक घटले, त्यांच्यापैकी ५८ टक्के लोकांच्या जखमा १२ आठवड्यांत पूर्ण भरल्या. ज्यांच्या तेवढ्या घटल्या नाहीत, त्यांच्यापैकी फक्त ९ टक्के लोकांच्या भरल्या. त्यामुळे ४ आठवड्यांनंतर जखम निम्मी झालेली नसेल तर चालू उपचार, मग तो दवाखान्यातला असो वा घरचा, पुन्हा तपासून घ्यावा. ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणत राहू नये.

एवढी वाट पाहण्याची मुभाही ज्या जखमा वाढत नाहीत त्यांनाच आहे. पायावर लाली किंवा सूज पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, बोट निळे-काळे पडले असेल, जखमेत हाड दिसत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, अथवा साखर अचानक वाढली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. निघताना जखमेवरचा लेप स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुऊन, कोरडी निर्जंतुक पट्टी बांधावी, रुग्णाला त्या पायावर चालू देऊ नये, आणि आजवर काय काय लावले व पोटात घेतले, त्याची यादी किंवा त्या बाटल्याच सोबत न्याव्यात.